अवैध लहान शस्त्रांचा माग काढण्यातील आंतरराष्ट्रीय सहकार्य

अवैध लहान शस्त्रांचा माग काढणे म्हणजे एखाद्या देशाच्या हद्दीत सापडलेल्या किंवा जप्त झालेल्या बेकायदेशीर शस्त्राचा प्रवास त्याच्या निर्मितीपासून, किंवा शेवटच्या कायदेशीर आयातीपासून, ते ज्या टप्प्यावर बेकायदेशीर ठरले त्या टप्प्यापर्यंत पद्धतशीरपणे शोधून काढणे. शस्त्र एका देशात बनते, दुसऱ्या देशाला विकले जाते आणि तिसऱ्याच देशात गुन्ह्यासाठी वापरले जाते. त्यामुळे हे काम एका देशाच्या पोलिसांना एकट्याने पूर्ण करता येत नाही. या सहकार्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ डिसेंबर २००५ रोजी एक आंतरराष्ट्रीय दस्तऐवज स्वीकारला. तो 'आंतरराष्ट्रीय माग-साधन' या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात १९९३ चे मुंबई बाँबस्फोट आणि २००८ चा मुंबईवरील हल्ला या दोन प्रकरणांच्या तपासात अशा सहकार्याचे महत्त्व आणि त्याच्या मर्यादा स्पष्टपणे दिसून आल्या.

संज्ञा आणि व्याप्ती

एका माणसाला हाताळता येतील अशा शस्त्रांना 'लहान शस्त्रे' म्हणतात. रिव्हॉल्व्हर, पिस्तुले, रायफली, कार्बाइन, सबमशीनगन, असॉल्ट रायफली आणि लाइट मशीनगन ही त्यांची उदाहरणे होत. दोन-तीन जणांच्या तुकडीने वापरावयाच्या शस्त्रांना 'हलकी शस्त्रे' म्हणतात. हेवी मशीनगन, ग्रेनेड लाँचर, खांद्यावरून डागण्याची क्षेपणास्त्रे आणि १०० मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या उखळी तोफा यांचा त्यांत समावेश होतो. २००५ च्या साधनात काडतुसे व इतर दारूगोळा समाविष्ट नाही. हाताने फेकण्याचे बाँबही त्याच्या व्याख्येत बसत नाहीत.

जिनिव्हा येथील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ च्या अखेरीस जगात सुमारे १०१ कोटी ३० लाख बंदुका होत्या. त्यांपैकी सुमारे ८५ कोटी ७० लाख सामान्य नागरिकांकडे होत्या. भारतातील नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका असाव्यात आणि त्यांपैकी केवळ सुमारे ९७ लाख नोंदणीकृत असाव्यात, असे याच संस्थेने म्हटले आहे.

माग काढण्याची पद्धत

मागाचे काम तीन गोष्टींवर उभे असते: शस्त्रावरील खूण, त्या खुणेची कागदोपत्री नोंद आणि ती नोंद पाहून उत्तर देणारी यंत्रणा. यांतील एक जरी नसली, तरी इतर दोन निरुपयोगी ठरतात.

ही साखळी एका उदाहरणाने समजून घेता येईल. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर पोलीस ठाण्याच्या हद्दीत परदेशी बनावटीचे एक पिस्तूल सापडले, असे समजा. तपास अधिकारी पंचनाम्यात त्याचा प्रकार, कॅलिबर, त्यावरील अक्षरे, चिन्हे आणि अनुक्रमांक जसेच्या तसे नोंदवतो. या पायरीवरील चूक पुढे दुरुस्त होणे कठीण असते. अनुक्रमांकातील एक अक्षर चुकले किंवा पिस्तुलाच्या मॉडेलचे नाव आणि कंपनीचे नाव यांची गल्लत झाली, तर परदेशातील कारखान्याला आपल्या वहीत ते शस्त्र सापडत नाही.

त्यानंतर शस्त्र राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाते. मुंबईत कालिना येथे या संचालनालयाचे मुख्यालय आहे. गुन्हेगारांनी कानशीने घासून अनुक्रमांक नाहीसा केला असला, तरी तो पुष्कळदा परत मिळवता येतो. क्रमांक ठोकताना बसलेला दाब धातूच्या पृष्ठभागाखाली काही खोलीपर्यंत गेलेला असतो. दबलेल्या भागावर आम्लयुक्त द्रावणाची प्रक्रिया आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळी होते आणि पुसलेले आकडे काही काळ दिसू लागतात.

शस्त्राची ओळख पटल्यावर चौकशीची विनंती राज्य पोलिसांच्या इंटरपोल संपर्क अधिकाऱ्यामार्फत दिल्लीला केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे जाते. सीबीआय हे भारतासाठी इंटरपोलचे राष्ट्रीय केंद्र आहे. तेथून विनंती शस्त्र बनवणाऱ्या देशाच्या राष्ट्रीय केंद्राकडे पोहोचते. तो देश कारखान्याच्या नोंदी तपासून ते शस्त्र केव्हा बनले व कोणाला विकले हे कळवतो. खरेदीदार दुसऱ्या देशात असेल, तर तीच विनंती त्या देशाला पुन्हा करावी लागते. ज्या ठिकाणी कायदेशीर नोंद थांबते, तेथून शस्त्र चोरट्या वाटेला लागले असा निष्कर्ष निघतो. रहिमतपूरच्या गुन्ह्यातील आरोपी कोण, हे या शोधातून थेट कळत नाही. मात्र शस्त्र पुरवणाऱ्या टोळीचा पत्ता त्यातून लागू शकतो.

आंतरराष्ट्रीय साधनाचा इतिहास

शीतयुद्ध संपल्यानंतर पूर्व युरोपातील आणि अफगाणिस्तानातील शस्त्रसाठे मोठ्या प्रमाणावर चोरट्या बाजारात आले. १९९० च्या दशकातील अनेक यादवी युद्धांत अशी शस्त्रे वापरली गेली. या पार्श्वभूमीवर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३१ मे २००१ रोजी संघटित गुन्हेगारीविरोधी कराराला जोडलेला अग्निशस्त्रविषयक पूरक करार स्वीकारला. तो ३ जुलै २००५ रोजी अमलात आला. जुलै २००१ मध्ये लहान शस्त्रांच्या अवैध व्यापाराविरुद्धचा 'कृती कार्यक्रम' मान्य झाला. मागासाठी स्वतंत्र व्यवस्था शक्य आहे का, हे तपासण्याची शिफारस या कार्यक्रमात होती.

ही शक्यता तपासण्यासाठी नेमलेल्या सरकारी तज्ज्ञांच्या गटाचे अध्यक्षपद भारताचे राजनैतिक अधिकारी राकेश सूद यांच्याकडे होते. असे साधन तयार करणे इष्ट व व्यवहार्य असल्याचा निष्कर्ष या गटाने २००३ मध्ये दिला. त्यानंतर २००४ आणि २००५ मध्ये स्वित्झर्लंडचे अँटन थालमान यांच्या अध्यक्षतेखाली सर्व देशांना खुल्या असलेल्या कार्यगटात वाटाघाटी झाल्या.

वाटाघाटींत दोन प्रश्न अखेरपर्यंत वादाचे राहिले. साधन कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक असावे की नाही, हा पहिला. दारूगोळा त्यात घ्यावा की नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांवर किमान सहमतीचा मार्ग स्वीकारला गेला. साधन राजकीयदृष्ट्या बंधनकारक ठरले आणि दारूगोळा वगळण्यात आला. साधनाचे पालन न करणाऱ्या देशावर कारवाईची तरतूद त्यात नाही.

साधनातील प्रमुख तरतुदी

खुणा : प्रत्येक शस्त्रावर निर्मितीच्या वेळी उत्पादकाचे नाव, निर्मितीचा देश आणि अनुक्रमांक असावा. त्याऐवजी साध्या भौमितिक चिन्हाला आकड्यांची जोड देणारी पद्धत वापरण्यासही मुभा आहे. चिनी बनावटीच्या एके-५६ रायफलींवर त्रिकोणात कोरलेला कारखान्याचा क्रमांक आढळतो, तो याच प्रकारचा. खूण शस्त्राच्या अशा मुख्य भागावर असावी की तो भाग निकामी झाल्यास शस्त्रही निकामी व्हावे. शक्य असेल तेथे आयात करणाऱ्या देशाने आपले नाव व आयातीचे वर्षही त्यावर उमटवावे.

नोंदी : निर्मितीच्या नोंदी किमान ३० वर्षे आणि आयात-निर्यातीसह इतर नोंदी किमान २० वर्षे जपून ठेवाव्यात. शक्य झाल्यास त्या कायमच्या ठेवाव्यात. रायफल अनेक दशके वापरण्याजोगी राहते, म्हणून ही मुदत एवढी मोठी आहे.

विनंती व उत्तर : प्रत्येक देशाने राष्ट्रीय संपर्क केंद्र नेमावे. विनंती करणाऱ्या देशाने शस्त्र कोठे, केव्हा व कोणत्या परिस्थितीत सापडले आणि माहितीचा उपयोग कशासाठी होणार आहे, हे कळवावे. विनंती मिळालेल्या देशाने पोच द्यावी व वाजवी वेळेत उत्तर द्यावे. राष्ट्रीय सुरक्षा, गोपनीयता किंवा चालू तपास या कारणांसाठी उत्तर लांबवता, मर्यादित ठेवता किंवा नाकारता येते. मात्र तसे करताना कारण कळवणे अपेक्षित आहे.

इंटरपोलची भूमिका

साधनाच्या मजकुरात इंटरपोलच्या साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे. फ्रान्समधील लियाँ येथे मुख्यालय असलेल्या या संघटनेचे १९६ देश सदस्य आहेत. शस्त्रविषयक कामासाठी तिच्याकडे तीन सोयी आहेत. पहिली, शस्त्राची ओळख पटवण्यासाठी चित्रांसह संदर्भकोश. दुसरी, चोरीस गेलेल्या, हरवलेल्या व तस्करीतील शस्त्रांची नोंद आणि मागाच्या विनंत्या यांसाठी 'आयआर्म्स' ही प्रणाली. तिसरी, गोळी व पुंगळीवरील ओरखड्यांची तुलना करणारे बॅलिस्टिक माहितीजाळे. या तिसऱ्या सोयीमुळे एकच शस्त्र दोन देशांतील गुन्ह्यांत वापरले गेले असल्यास ते उघड होऊ शकते. भारतात राज्यांच्या पोलिसांना सीबीआयमार्फत इंटरपोलशी जलद संपर्क साधता यावा, यासाठी ७ जानेवारी २०२५ रोजी 'भारतपोल' हे संकेतस्थळ सुरू करण्यात आले.

महाराष्ट्राशी संबंधित प्रकरणे

१९९३ चे मुंबई बाँबस्फोट

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या मालिका बाँबस्फोटांत २५७ जण मृत्युमुखी पडले आणि ७१३ जण जखमी झाले. यासाठीची शस्त्रे व स्फोटके जानेवारी आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे उतरवण्यात आली होती. स्फोटांनंतर वरळी येथे एक बेवारस मारुती गाडी सापडली. तिच्यात एके-५६ रायफली, हातबाँब आणि स्फोटासाठी वापरावयाचे टायमर होते. गाडीच्या नोंदणीवरून पोलीस मेमन कुटुंबापर्यंत पोहोचले. देशांतर्गत माग अशा रीतीने काही तासांत लागला, कारण वाहनाचा क्रमांक आणि त्याची नोंद दोन्ही उपलब्ध होती. शस्त्रांचा माग काढण्यासाठी मात्र परदेशांची मदत घ्यावी लागली.

हातबाँबांवर 'आर्जेस' या ऑस्ट्रियन कंपनीचे नाव होते. ऑस्ट्रियाच्या तज्ज्ञांनी ते तपासले. कंपनीने पुरवलेल्या तंत्रज्ञानाच्या व यंत्रसामग्रीच्या आधारे हे बाँब पाकिस्तानच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात बनले, असा निष्कर्ष त्यांनी दिला. खुणेवरील नाव ऑस्ट्रियाचे आणि निर्मिती पाकिस्तानातील, हा उलगडा केवळ खूण पाहून झाला नसता. त्यासाठी मूळ उत्पादकाची माहिती आणि ती देण्याची ऑस्ट्रियाची तयारी, दोन्ही आवश्यक होत्या.

टायमरच्या बाबतीत निराळे घडले. भारताच्या 'रॉ' या गुप्तचर संस्थेच्या दहशतवादविरोधी विभागाचे तत्कालीन प्रमुख बी. रामन यांनी निवृत्तीनंतर केलेल्या लेखनात त्याची हकीकत दिली आहे. टायमर अमेरिकी बनावटीचा असून अफगाण युद्धाच्या काळात पाकिस्तानला दिलेल्या साठ्यातील असावा, असे अमेरिकी तज्ज्ञांनी सांगितले. पण तो अभिप्राय न्यायालयात वापरता येण्याजोगा नव्हता. अधिक तपासणीसाठी टायमर अमेरिकेला नेण्यात आला आणि तेथील प्रयोगशाळेत तो चुकून नष्ट झाल्याचे नंतर कळवण्यात आले, असे रामन यांनी लिहिले आहे. एकाच गाडीत सापडलेल्या दोन वस्तूंपैकी एकीचे उत्तर पुरावा म्हणून उपयोगी पडले, तर दुसरीचे पडले नाही. त्या काळी विनंती कशी करावी, उत्तर कोणत्या स्वरूपात द्यावे याबद्दल देशांमध्ये मान्य झालेली कोणतीही कार्यपद्धती नव्हती. सर्व काही संबंधित देशांच्या सदिच्छेवर अवलंबून होते. या खटल्यातील अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी निकाल दिला.

पुरुलिया प्रकरण

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका अँटोनोव्ह-२६ विमानातून शेकडो एके-४७ रायफली आणि लाखो काडतुसे खाली टाकण्यात आली. काही दिवसांनी हेच विमान परतीच्या वाटेवर असताना मुंबई विमानतळावर उतरवण्यात आले. विमानातील इतरांना अटक झाली, पण 'किम डेव्ही' हे नाव धारण केलेला डॅनिश सूत्रधार विमानतळावरून निसटला. शस्त्रे बल्गेरियातून निघाली होती आणि त्यांच्या कागदपत्रांत अंतिम वापरकर्ता म्हणून बांगलादेशचे नाव होते. अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र पडताळून पाहिले नाही, तर कायदेशीर कारखान्यातील माल किती सहज चोरट्या वाटेला लागतो, हे या प्रकरणाने दाखवले. शस्त्रांचा उगम कळूनही मुख्य संशयित भारताच्या ताब्यात आला नाही. डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये त्याच्या प्रत्यार्पणास नकार दिला.

२६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला

२००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा मृत्यू झाला. गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या हातातील एके-४७ रायफल घट्ट धरून ठेवली. त्यांना हौतात्म्य आले, पण हल्लेखोर जिवंत हाती लागला. भारताने ५ जानेवारी २००९ रोजी पाकिस्तानला दिलेल्या कागदपत्रांत जप्त वस्तूंवरील खुणांचा तपशील होता. हातबाँबांवर १९९३ प्रमाणेच 'आर्जेस'ची खूण होती आणि पिस्तुलांवर पेशावर येथील एका शस्त्रकंपनीचे नाव होते.

या प्रकरणात सर्वांत स्पष्ट माग लागला तो शस्त्राचा नव्हे, तर हल्लेखोरांच्या रबरी बोटीच्या यामाहा इंजिनाचा. हे इंजिन जपानमधून पाकिस्तानात गेल्याचे सिद्ध झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तानचे तत्कालीन गृहखात्याचे प्रमुख रहमान मलिक यांनी ते कराचीतील दुकानातून खरेदी झाल्याचे जाहीरपणे सांगितले. उत्पादकाची नोंद, विक्रेत्याची नोंद आणि संबंधित देशाचे उत्तर हे तिन्ही दुवे येथे जुळले. साध्या व्यापारी मालाची विक्रीनोंद जितकी सहज मिळाली, तितकी शस्त्रांची मिळत नाही. कारण शस्त्रांच्या नोंदी बहुधा सरकारी किंवा लष्करी गोपनीयतेखाली असतात.

भारतातील कायदेशीर तरतुदी

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, बदलणे अथवा खोटे उमटवणे हा गुन्हा आहे. ओळखचिन्ह नसलेल्या बंदुकीची विक्री किंवा हस्तांतरही करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने 'अवैध तस्करी'ची व्याख्या कायद्यात आणली आणि नियमांनुसार खूण नसलेल्या शस्त्रांचा व्यापार तिच्यात समाविष्ट केला. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय माहितीसाठ्यात विशिष्ट ओळख क्रमांक दिला जातो. भारत २०११ पासून अग्निशस्त्रविषयक पूरक कराराचा पक्ष आहे. २०१३ च्या शस्त्रव्यापार करारावरील मतदानात मात्र भारत तटस्थ राहिला आणि तो त्या कराराचा सदस्य नाही.

मर्यादा आणि पुढील वाटचाल

महाराष्ट्रातील पोलीस कारवायांत सर्वाधिक आढळणारे अवैध शस्त्र म्हणजे 'गावठी कट्टा' किंवा हाताने बनवलेले पिस्तूल. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या उमर्टीसारख्या गावांतून असा माल येत असल्याचे पोलीस तपासांत वारंवार आढळले आहे. या शस्त्रावर खरा अनुक्रमांक नसतो, त्याची कोठेही नोंद नसते. काही वेळा त्यावर नामांकित परदेशी कंपनीचे नाव कोरलेले असते आणि त्यामुळे तपासाची दिशा चुकण्याचा संभव असतो. अशा शस्त्रांबाबत आंतरराष्ट्रीय साधनाचा उपयोग जवळजवळ होत नाही. बनवणाऱ्याचा शोध साथीदारांच्या जबानीवरून आणि राज्याराज्यांतील पोलिसांच्या सहकार्यानेच घ्यावा लागतो.

दुसरी मर्यादा दारूगोळ्याची आहे. १९९३ मध्ये सर्वांत उपयुक्त माहिती हातबाँबांच्या खुणेतून मिळाली, पण अशा वस्तू आजही २००५ च्या साधनाच्या कक्षेबाहेर आहेत. दारूगोळ्याच्या संपूर्ण आयुष्यकाळातील व्यवस्थापनासाठी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत एक स्वतंत्र जागतिक आराखडा मान्य झाला. तोही स्वेच्छेवर आधारित आहे.

तिसरी मर्यादा तंत्रज्ञानातून आली आहे. प्लॅस्टिकसदृश पॉलिमरच्या सांगाड्यावर खोल व टिकाऊ खूण करणे अवघड असते. सुटे भाग बदलता येणाऱ्या शस्त्रांत कोणत्या भागाला मुख्य मानावे, हा प्रश्न असतो. त्रिमितीय छपाईने घरी बनवलेल्या बंदुकीला तर कारखाना आणि नोंदवही दोन्ही नसतात. या प्रश्नांचा विचार करण्यासाठी खुला तांत्रिक तज्ज्ञगट स्थापन करण्याचा निर्णय जून २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथील चौथ्या आढावा परिषदेत झाला.

चौथी मर्यादा देशांच्या इच्छेची आहे. ज्या देशाच्या सरकारी साठ्यातून शस्त्र बाहेर गेले, त्याच देशाला त्याविषयी विचारावे लागते. उत्तर नाकारण्याची मुभा साधनातच आहे आणि नकाराविरुद्ध दाद मागण्याची सोय नाही. तरीही साधनाने एक बदल घडवला. १९९३ मध्ये अशी विचारणा करणे म्हणजे मैत्रीखातर केलेली विनंती होती. २००५ नंतर कोणताही देश मान्य कार्यपद्धतीनुसार ती करू शकतो, आणि उत्तर न देणाऱ्या देशाकडून त्याचे कारण मागू शकतो.